एक वॉशर कमी

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात एका दुपारी एक बैलजोडी मोटार ओढत माझ्या शेडपुढं येऊन थांबली. त्यात नवल काही नव्हतं. उंब्रजला हमरस्त्याच्या कडेला माझी पत्र्याची शेड होती, आणि रस्त्यात बंद पडलेली गाडी बैलांनी ओढत आणायची हे आसपासच्या शेतकऱ्यांच्या अंगवळणीच पडलं होतं. पण ही मोटार बघून मी हातातला पाना खाली ठेवला. उघडी, बुटकी, दोनच माणसं बसतील एवढी, लांब नाकाची, हिरव्या रंगाची. असल्या गाड्या मी लढाईत कैरोच्या रस्त्यांवर पाहिल्या होत्या. त्यातून तरणे गोरे अफसर फिरायचे. इथं स्टिअरिंगवर पांढऱ्या पातळातली एक बाई बसली होती. चाळिशीच्या आतबाहेरची, डोक्याला रुमाल बांधलेला, बैलांच्या पाठींवरून रस्ता बघत शांतपणे चाक फिरवत होती.

खाली उतरून तिनं गाडीवानाला हात जोडले आणि मला म्हणाली, "मिस्त्री तुम्हीच ना? तीन नंबरचं बिगएंड गेलंय."

बिगएंड म्हणजे पिस्टनचा दांडा खाली शाफ्टला जिथं धरतो ती जागा. लष्करात पाच वर्षं मी गाड्याच दुरुस्त केल्या होत्या. ठोक्याच्या आवाजावरून कुठलं सिलिंडर ते ओळखायला मला दीड वर्ष लागलं होतं. बाईनं ते गाडी भरधाव चालवताना, उघड्या वाऱ्यात बसून ओळखलं होतं, हे मला खरं वाटेना. मी म्हणालो, "बघतो उघडून."

"मी थांबते," ती म्हणाली.

ती साताऱ्याच्या एका दवाखान्यात डॉक्टर होती, हे मला गाडीवानानं सांगितलं. बायकांची डॉक्टर. नवरा लग्नानंतर लौकरच वारला होता. मोटार एका इंग्रज इंजिनियरची. लढाईवर जाताना त्यानं ती हिच्या हवाली केली, कारण त्याच्या बायकोचं अवघड बाळंतपण हिनं सोडवलं होतं. तो परत आला नाही, मोटार हिच्याकडंच राहिली. ती त्यातून जावळीच्या खोऱ्यात बाळंतिणी बघायला जायची.

मी गाडीखाली शिरलो, तेल काढलं, इंजिनखालचं तसराळं सोडलं आणि तीन नंबरच्या दांड्याची टोपी खोलली. आत पांढऱ्या धातूचं अस्तर असायला हवं होतं. तिथं चामडं होतं. काळं पडलेलं, तेलात फुगलेलं, एका बाजूनं फाटलेलं चामडं, कमरेच्या पट्ट्यातून कापल्यासारखं. मी तसाच उताणा पडून राहिलो. वाळवंटात आम्ही टाकीच्या पत्र्यापासून झाकणं केली होती, सायकलच्या ट्यूबनं नळ्या बांधल्या होत्या. पण मिनिटाला तीन हजार वेळा फिरणाऱ्या शाफ्टवर चामडं बांधून कुणी गाडी हाकील, हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं.

बाहेर आलो तो तोंड सोडतच. "कुठल्या गाढवानं हे केलंय? असल्या माणसाला पान्याला हात लावू देऊ नये. ह्याचे हात कलम केले पायजेत."

बाईनं चामड्याचा तुकडा माझ्या हातातून घेतला, उलटासुलटा केला. "एकशेदहा मैल चाललं," ती म्हणाली. "मला वाटलं होतं साठ मैलांत जाईल."

मी तुकडा परत घेऊन उजेडात धरला.

"मेढ्याच्या पुढं धातू वितळला. सुटे भाग लढाईपासून मिळत नाहीत. गाडीबरोबर एक पुस्तक आलं होतं, त्यात सगळं चित्र काढून दिलंय. दवाखान्यातला जुना पट्टा कापला आणि एरंडेलात दोन दिवस भिजवून ठेवला. एरंडेल आमच्याकडं भरपूर असतं." मग तिनं विचारलं, "शाफ्ट खरवडला गेलाय का?"

मी परत खाली जाऊन बोट फिरवून बघितलं. शाफ्ट आरशासारखा होता. चामड्यानं तो वाचवला होता. तसं मी तिला सांगितलं, पण गाढव म्हटल्याबद्दल माफी मागायची राहिली, ती राहिलीच.

तिला गाडी नुसती चालू करून नको होती. घाटात ती रडते, म्हणाली. पहिल्या गिअरमध्ये, पाणी उकळत, दर दोन वळणांना थांबत. वरच्या वाडीत बाई अडलेली असते आणि मी दगडावर बसून इंजिन गार व्हायची वाट बघते. "तुम्ही लष्करात होतात. ह्याच इंजिनातून जास्त जोर काढता येईल का?"

येईल, मी म्हणालो. विचार न करताच म्हणालो. सैन्यातून सुटून वर्ष झालं होतं आणि तोवर मी मालाच्या लॉऱ्यांचे ब्रेक आवळण्यापलीकडं काही केलं नव्हतं. मला ते इंजिन हवं होतं.

मग तीन महिने त्या इंजिनात गेले. बाई दर रविवारी सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं साताऱ्याहून यायची आणि संध्याकाळच्या मोटारीनं परत जायची. पहिल्याच रविवारी ती पाटी-पेन्सिल घेऊन आली. मी एकेक भाग सोडायचो आणि ती लिहायची: नट किती, बोल्ट किती, वॉशर किती, कुठून निघाले. मला त्याचा राग यायचा. ती माझ्या कामावर विश्वास ठेवत नाही असं वाटायचं. पण तिचे हात बघितले की राग विरायचा. व्हॉल्व्ह घासून बसवायचं काम मी तिला दिलं. तळव्यांत काठी धरून, रवी घुसळतात तशी ती तासन् तास फिरवत बसायची. नंतर मी रॉकेल ओतून बघितलं, एका व्हॉल्व्हमधून थेंब गळला नाही. तांब्याच्या पत्र्याची गॅस्केट तिनं शस्त्रक्रियेच्या सुरीनं कापली. माझ्या कात्रीला ती कड आली नसती.

पिस्टन मिळाले पुण्याच्या लष्करी लिलावात, पंपाच्या एका मोडक्या इंजिनात. ते ॲल्युमिनियमचे होते, हलके, आणि आमच्यापेक्षा जरा जाडे. म्हणून सिलिंडर आतून कातून मोठे करायचं ठरवलं. इंजिनच्या वरच्या झाकणाचा, हेडचा, तळ तासून खाली आणायचा, म्हणजे पेट्रोलची वाफ आणि हवा जास्त दाबली जाऊन स्फोट जोरात होतो. दुसरा कार्बोरेटर जोडायचा. दांड्यांना पांढरा धातू नव्यानं ओतायचा. ह्यातली अर्धी कामं उंब्रजला होण्यासारखी नव्हती.

मी सगळं पोत्यात भरलं आणि कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीनं सांगलीला गेलो. त्या मोटारीच्या पाठीमागं लोखंडी भट्टी असायची आणि चढ आला की क्लीनर उतरून ती ढोसायचा. सांगलीत उसाचे चरक दुरुस्त करणारा एक कारखाना होता. तिथल्या टर्नरनं हेड तासून दिलं, सिलिंडर कातून दिले. पांढऱ्या धातूसाठी त्यानं मला नदीकडच्या एका म्हाताऱ्या ओताऱ्याकडं धाडलं.

हा ओतारी देवळांच्या घंटा ओतायचा. जैनांच्या बस्तीसाठी किंवा मठासाठी घंटा हवी असली की लोक त्याच्याकडं यायचे. मोटार त्यानं कधी आतून बघितली नव्हती. मी दांडे पुढं ठेवले, काय करायचं ते सांगितलं. त्यानं धातू वितळवला, त्यात कागदाची सुरळी बुडवून काढली. ती तपकिरी झाली तेव्हा म्हणाला, "आता वत." ओतलं, गार झालं. मला ते सुरेख दिसलं. त्यानं दांडा दोरीला टांगला, लोखंडी सळईनं टिचकी मारली आणि डोळे मिटले.

"न्हाई चिकटलं," तो म्हणाला.

"दिसतंय की चांगलं."

"दिसंल. आवाज बद्द येतोय. आत वारा हाय."

मी मानायला तयार नव्हतो. त्यानं छिन्नी लावली आणि एक हलका ठोका मारला. धातूचं सबंध अस्तर पापुद्र्यासारखं सुटून माझ्या पायाशी पडलं. मी हबकलो. तसाच बसवला असता तर दहा मैलांत तो दांडा इंजिनची भिंत फोडून बाहेर आला असता. लष्करात आम्ही असले बेअरिंग डोळ्यांनी बघून पास करत होतो. त्यातले किती असे पोकळ होते आणि कुणाकुणाच्या गाड्या त्यामुळं वाळूत उभ्या राहिल्या, हा विचार मी सांगलीहून परत येईपर्यंत करत होतो.

ओताऱ्यानं चारी दांडे पुन्हा ओतले. ह्या वेळी टिचकी मारल्यावर प्रत्येक दांडा घंटेसारखा वाजला.

पावसाची झड लागली होती तेव्हा इंजिन जुळवायला घेतलं. एका रविवारी दुपारपर्यंत शाफ्ट, दांडे, पिस्टन, व्हॉल्व्ह फिरवणारी साखळी, हेड, सगळं बसलं. आता पुढचं झाकण आवळायचं आणि इंजिन गाडीत उतरवायचं. मी झाकण लावून दोन बोल्ट पिळलेही.

"थांबा," बाई म्हणाली. "मोजूया."

"बाई, समदं बसलंय. शिल्लक काय न्हाई राहिलं."

"शिल्लक राहिलेलं मोजायचं नाही. काय होतं, काय बसलं आणि काय सुट्या भागांच्या ताटात आहे, हे जुळायला हवं."

तिनं पाटी पुढं घेतली. मी चिडून एकेक आकडा सांगत गेलो. नट जुळले. बोल्ट जुळले. स्प्रिंग वॉशर एक कमी आला.

मी म्हणालो, "पडला आसंल खाली. मातीत गेला. दुसरा घालतो."

"आधी जमिनीवर शोधू."

शेडची जमीन आम्ही हातानं चाचपली. भंगाराची पेटी उलटी केली. वॉशर नव्हता. पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि माझं डोकं भणभणत होतं. "पैशाला मूठभर मिळतात," मी म्हणालो. "त्याच्यापायी इंजिन परत खोलायचं का?"

"खोला," ती म्हणाली.

आवाज वाढवला नव्हता. पण तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. मी पाना घेतला, रागारागात दोन्ही बोल्ट काढले आणि झाकण ओढलं.

वॉशर आत होता. साखळीच्या खालच्या दात्याखाली, ग्रीसमध्ये अर्धा रुतलेला. मी सकाळी ग्रीसच्या बोटांनी तिथं चाचपलं होतं, तेव्हाच तो चिकटून आत गेला असणार. मी तो नखानं उचलला. एवढीशी चपटी गोल तार. पण पहिल्याच हँडलला ती दात्यात अडकली असती, साखळी उडाली असती, आणि हेड मी तासून घेतलेलं, त्यामुळं व्हॉल्व्ह सरळ पिस्टनवर आदळले असते. तीन महिन्यांचं काम एका फेऱ्यात चुरा झालं असतं. किंवा ती थोडी थांबून अडकली असती, घाटात, दरीच्या वळणावर, बाई एकटी असताना.

"बाई," मी म्हणालो, "तुमी सांगितलं नसतं तर मी तसंच बंद केलं आसतं."

ती लाकडी खोक्यावर बसली. हात मांडीवर उताणे ठेवले. तीन महिन्यांत ते हात मी कधी रिकामे बघितले नव्हते.

"मी एकदा मोजलं नव्हतं," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. माझ्याकडं न बघता, झाकण काढलेल्या इंजिनाकडं बघत. चार वर्षांपूर्वी एक बाई आणली होती, दोन दिवस अडलेली. मूल आधीच गेलं होतं. आई वाचावी म्हणून पोट उघडावं लागलं. त्या दिवशी तीन शस्त्रक्रिया झाल्या होत्या, मदतीची नर्स आजारी होती. रक्त टिपायला गॉजच्या घड्या आत ठेवतात, त्या काढताना मोजायच्या असतात. "मी मोजल्या असं मला वाटलं. तिसऱ्या दिवशी ताप चढला. नवव्या दिवशी पुन्हा उघडलं, तेव्हा एक घडी सापडली. तोवर उशीर झाला होता. मोठ्या डॉक्टरांनी दाखल्यावर बाळंतज्वर लिहिला. म्हणाले, हे ह्या खोलीच्या बाहेर जाणार नाही. आणि गेलं नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगते आहे."

इथं मला माझ्या बहिणीबद्दल सांगायला हवं. आत्तापर्यंत सांगितलं नाही, कारण त्या क्षणापर्यंत तिचा आणि ह्या मोटारीचा काही संबंध आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. मला एकच थोरली बहीण होती, अक्का. मी लढाईवर असताना ती बाळंतपणात वारली. पत्र मला मिसरमध्ये, कैरोला, दोन महिन्यांनी मिळालं. मी लॉरीखाली होतो, कारकुनानं ते माझ्या पायाला टेकवून हातात दिलं. भावानं लिहिलं होतं, साताऱ्याला दवाखान्यात नेली होती, ताप आला आणि गेली. मी पत्र खिशात घातलं आणि गिअरबॉक्स बसवला, कारण दुसऱ्या दिवशी ती लॉरी निघायची होती.

मी बाईला विचारलं, "कुठली व्हती ती?"

"शिरवळची."

"त्रेचाळीसला?"

"हो. श्रावणात." मग तिनं मान वर केली. माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिला कळलं असावं, कारण ती उभी राहिली.

"माझी भन व्हती ती," मी म्हणालो.

तिनं माफी मागितली नाही. मागितली असती तर मी काय केलं असतं, सांगता येत नाही. माझ्या हाताशी पाना होता. ती तशीच उभी होती, मी मारीन तर मारून घ्यावं अशी, पदर आवळून. मी वॉशर मुठीत धरून पावसात बाहेर पडलो. संध्याकाळच्या मोटारीपर्यंत नदीकाठानं चालत राहिलो. परत आलो तेव्हा ती गेली होती. इंजिनवर तिनं स्वच्छ धडपा टाकून ठेवला होता.

सोळा दिवस मी शेड उघडली नाही. बायकोला अंग दुखतंय म्हणालो. खरंच दुखत होतं. अक्का पोटात ती घडी घेऊन नऊ दिवस पडली होती, आणि मी तीन महिने त्याच हातांना पाना देत होतो, त्या हातांचं कौतुक करत होतो. हे दोन्ही एका वेळी डोक्यात मावत नव्हतं. कधी वाटायचं, जाऊन ते इंजिन घणानं फोडावं. मग तो वॉशर आठवायचा, आणि मी कुणाला काय म्हणणार, हा प्रश्न तिथंच अडायचा.

शेवटी आईला सांगितलं. ती सोप्यात जोंधळे निवडत बसली होती. वडील आधीच वारले होते, ऊस भाऊ बघायचा. मी सगळं सांगितलं, गॉजची घडी म्हणजे काय तेही. आई सुपातून हात न काढता ऐकत होती. मला वाटलं होतं ती छाती पिटून घेईल, त्या बाईला शिव्याशाप देईल. मी त्याची तयारी करून बसलो होतो.

सूप खाली ठेवून ती म्हणाली, "तवा तिच्यापाशी कोन व्हतं?"

"कवा?"

"जीव जाताना."

मला ठाऊक नव्हतं. आईला निरोप उशिरा मिळाला होता. ती साताऱ्याला पोचली तेव्हा माहुलीच्या स्मशानात सगळं उरकून माणसं परत फिरली होती. हे मला माहीत होतं. पण चार वर्षं ती हा एक प्रश्न घेऊन जोंधळे निवडत होती, दळत होती, आमच्यासाठी भाकऱ्या थापत होती, हे मला माहीत नव्हतं. अक्काच्या नवऱ्याला, भावजींनाही, तेव्हा आत सोडलं नव्हतं; दुसऱ्या कुणाला विचारावं हेच तिला समजलं नव्हतं.

"त्या बाईला ठावं आसंल," आई म्हणाली. "तिला घिऊन ये."

मी दुसऱ्या दिवशी शेड उघडली. इंजिनचं राहिलेलं काम पुरं करायला तीन दिवस लागले. पाटीवर बाईच्या अक्षरातली यादी होती, तिच्याबरहुकूम दोनदा मोजलं. गाडीत उतरवलं, पाणी भरलं, तेल भरलं, आणि हँडल मारलं. चौथ्या फेऱ्याला ते सुरू झालं. आवाज पहिल्यासारखा राहिला नव्हता. खोल, भरीव झाला होता. कितीतरी वर्षांत मी एवढं चांगलं काम केलं नव्हतं. मला आनंद झाला आणि झाला म्हणून लाज वाटली.

नवं इंजिन पहिले शेकडो मैल हळूच चालवायचं असतं. मी पंचवीसच्या वेगानं साताऱ्याला गेलो. दवाखान्याच्या फाटकात उभा राहिलो. बाईनं खिडकीतून आवाज ऐकला असणार, ती आपणहून बाहेर आली.

"आईनं बोलावलंय," मी म्हणालो.

तिनं का म्हणून विचारलं नाही. आत जाऊन अंगावरचा झगा काढून ठेवला, कुणाला तरी काही सांगितलं आणि येऊन शेजारी बसली. गाडी तुम्हीच चालवा, म्हणाली. वाटेत नागठाण्याजवळ, एका लांब चढाला, मी गिअर बदलला नाही तरी गाडी सहज वर गेली, तेव्हा ती हलकेच म्हणाली, "दोन्ही कार्बोरेटर सारखे ओढतायत." मी हो म्हणालो. एवढंच.

आई सोप्यातच होती. बाई तिच्यापुढं जमिनीवर बसली, घोंगडं पुढं सारलं तरी त्याच्यावर नाही. मी दाराशी उभा राहिलो. बाई म्हणाली, "आई, माझ्या हातून..."

"त्ये मला ह्यानं सांगितलं," आई म्हणाली. "माझी लेक गेली तवा तिच्यापाशी कोन व्हतं?"

"मी होते."

"किती वेळ?"

"आदल्या दुपारपासून. उठले नाही."

"काय बोलत व्हती का?"

"ग्लानीत होती. पण सकाळी एकदा नीट शुद्धीवर आली. मला म्हणाली, माझी वेणी सुटलीय. आई यायची हाय, असं बघितलं तर रागवंल. तेव्हा मी तिचे केस विंचरले आणि वेणी घातली."

आई तिच्याकडं बघत राहिली. "किती पेडांची?"

"तीन पेडांची."

"घट्ट घातली का?"

"ती म्हणाली घट्ट घाला. घातली."

"व्हय," आई म्हणाली. "रागावले असते मी." आणि पदर तोंडावर घेऊन ती भिंतीकडं वळली.

मी माझ्या आईला त्याआधी रडताना बघितलं नव्हतं, वडील गेले तेव्हासुद्धा नाही. बाई जागची हलली नाही, हात पुढं केला नाही. बऱ्याच वेळानं आई उठून आत गेली आणि परत बाहेर आली नाही. तिनं बाईला पाणी विचारलं नाही. जा, असंही म्हणाली नाही. मी बाईला गाडीपर्यंत पोचवलं.

"शिरवळला तिच्या मालकांना मी सांगायला हवं," गाडीत बसताना ती म्हणाली.

"मी येऊ का?"

"नको."

ती पुढच्याच आठवड्यात एकटी गेली. खंबाटकी घाटात गाडी कुठंही थांबली नाही, पाणी उकळलं नाही, हे तिनं मला तेल बदलायला आली तेव्हा सांगितलं. शिरवळला काय झालं ते तिनं सांगितलं नाही. ते मला भावजींकडूनच कळलं. त्यांनी दुसरं लग्न केलं होतं, घरात एक मूल होतं. ते एका बाजारच्या दिवशी उंब्रजला आले आणि शेडच्या बाहेरूनच मला विचारलं, "तुला ठावं व्हतं?"

"दोन महिने झाले," मी म्हणालो.

"आन् तरी तू तिची गाडी पुरी केलीस."

मी आईचं सांगायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं नाही. मला वाटलं होतं त्यांचा राग बाईवर असेल, दवाखान्यावर असेल. पण बाईंनी येऊन खरं सांगितलं, म्हणाले, तिला मी काय बोलू. तू माझ्या बायकोचा भाऊ होतास. एवढं बोलून ते बाजाराकडं चालते झाले. नंतर आमच्या घरी लग्नं झाली, बारशी झाली, मी दर वेळी शिरवळला जाऊन बोलावणं केलं. त्यांची दुसरी बायको मला चहा द्यायची. ते परड्यात निघून जायचे.

बाईनं वर्षभरात साताऱ्याचा दवाखाना सोडला आणि सांगलीला चार खाटांचं स्वतःचं सूतिकागृह काढलं. दर सहा महिन्यांनी ती मोटार घेऊन माझ्याकडं यायची. आम्ही इंजिनाबद्दल बोलायचो, व्हॉल्व्हमधलं अंतर, तेलाचा दाब. दुसऱ्या कशाबद्दल परत कधी बोललो नाही. माझ्या बायकोचे दिवस भरत आले तेव्हा भाऊ म्हणाला, सांगलीला ने, ओळख आहे. मी आईकडं बघितलं. आई म्हणाली, "कऱ्हाडला ने." मी कऱ्हाडला नेलं.